कुणाकडून, कुणास

“कुणाकडून?”

“कुणाकडून म्हणजे काय, अण्णा? माझं नाव घालायचंय. शाल्मली गोवंडे.”

“बरं. हे झालं कुणाकडून. कुणास?”

शाल्मली हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

अण्णा हसले नाहीत. छिन्नी बोटांत धरून बसले होते, तसेच बसून राहिले.

आता ही गोष्ट अशी मधूनच उचलली तर ऐकणाऱ्याला काय कळणार? तेव्हा थोडं मागे जाऊ.

अंतूअण्णा लांजेकर म्हणजे नाशिकच्या तांबट आळीतला उठावाच्या कामाचा राजा. तांब्याचा पत्रा राळेवर चिकटवायचा, मागून ठोकत जायचं आणि पुढच्या बाजूनं देव वर आणायचा, असं ते काम. अण्णांनी साठ वर्षं तेच केलं. गावोगावच्या देवांच्या मागे त्यांनी केलेल्या प्रभावळी उभ्या आहेत. आणि माणूस गर्विष्ठ किती, विचारू नका. एकदा देवळाचे पंच आले नि म्हणाले, मोराला चार पिसं वाढवा. अण्णांनी पत्रा गुंडाळून बाजूला ठेवला. म्हणाले, पिसं मोराला विचारून ठेवली आहेत, आणखी हवी तर तुम्हीच त्याला सांगा. पंच गुपचूप चहा पिऊन गेले.

लग्नसराईत देवळांची कामं नसायची. तेव्हा हाच माणूस भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचा. गिऱ्हाईक कोणीही असो, अण्णांचे प्रश्न दोन. कुणाकडून? कुणास? दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. मग टिंबाला टिंब लावत ते ठोकत जायचे, आणि मामाकडून भाचीला, काकूकडून पुतण्याच्या बायकोला अशी भांडी घरोघर जायची.

आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. अभिमान मात्र जागच्या जागी होता.

शाल्मली त्यांच्याकडे आली ती कला महाविद्यालयातून, आठ वर्षांपूर्वी. केस बारीक कापलेले, पायात पुरुषी बूट. आळी हसली. हातोडी धरून बसलेली बाई आळीनं तोवर पाहिलीच नव्हती. अण्णांनी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिला आपल्या शेजारी बसवलं. पहिल्याच महिन्यात हातोडी डाव्या करंगळीवर बसली. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. पोरगी दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. अण्णांनी तिच्या लांबलचक नावाचं शालू केलं आणि चार वर्षं शिकवलं.

मग ती गेली आणि मोठी झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले. देव करायचे सोडून ती पत्र्यातून भलतंच काहीबाही वर आणायला लागली. गॅसची शेगडी काय, चपला काय. लोक ते बघायला गाड्या करून यायचे.

आज तिनं आपलं सगळ्यांत मोठं काम टेम्पोतून इथे आणलं होतं. चार वाजता त्याला न्यायला ट्रक येणार होता. तिथून थेट दिल्ली. तिथल्या प्रदर्शनाच्या पहिल्याच दालनातली अख्खी भिंत त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

मग दिल्ली सोडून इथे कशाला?

तर लांजेकरांच्या घरची एक रीत होती. शिष्याचं पहिलं पुरं काम झालं की त्यावर शिष्याचं नाव गुरूनं आपल्या हातानं घालायचं. ते होईतो शिष्याचे केस पांढरे झाले तरी तो शिकतोयच. अण्णांनी साठ वर्षांत दोन नावं घातली होती, आणि ते दोघंही आता हयात नव्हते. शाल्मलीला तिसरं व्हायचं होतं. जगानं हार घातले तरी इथून नाव पडल्याशिवाय तिला ते खरं वाटत नव्हतं, आणि हे ती स्वतःपाशी कबूल करत असे.

काम अण्णांच्या घरच्या कारखान्यातल्या खांबाला टेकवून उभं केलं होतं. पुरुषभर उंचीचा तांब्याचा पत्रा. त्यातून वर उठलेले एकतीस हात, मनगटापासून पुढचे. नखं, पेरं, शिरा, सगळं ठोकून काढलेलं. आणि प्रत्येक हातात एक खरी वस्तू. सांडशी, झारा, किसणी, दुधाचं पातेलं, पितळेचा डबा, कुकरची शिट्टी. सगळ्या वस्तू मोडीच्या बाजारातून आणलेल्या.

अण्णांची सून, प्रमिलावहिनी, पदराला हात पुसत पुढे आल्या.

“अगं बाई, ही तर माझ्याकडची सांडशी.”

“तुमच्याकडची नाही, वहिनी. तशीच.”

“तशीच कशी? एक पाय ढिला आहे बघ. तस्सा.” वहिनींनी तो पाय हलवून पाहिला आणि बराच वेळ त्या कामासमोर उभ्या राहिल्या. एकेका वस्तूला नमस्कार करावा तसं बोट लावत गेल्या. शाल्मली बघत होती. दिल्लीचे समीक्षक याच्यापुढे काय बोलणार, असं तिला वाटलं.

वहिनी पितळेच्या डब्यापाशी थांबल्या.

“यावर नाव होतं ना गं? घासलेलं दिसतंय.”

“सगळ्यांवरची घासलीत. मशिन लावून.”

“का?”

“नाव असलं की माणूस वाचत बसतो, वहिनी. बघत नाही.”

“मग वाचू दे की,” वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

अण्णा तोवर कामाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले होते. काम नेहमी मागून बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. डोळे होते तेव्हाही ते मागूनच बघायचे. त्यांनी हात पसरले आणि एकेक खळगा चाचपायला सुरुवात केली.

शाल्मली त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहिली.

“राळ नीट काढलीयस.”

“हो.”

“पत्रा कुठं फाटला नाही. नखापाशी फाटतो.”

“सातदा तापवून नरम केला, अण्णा.”

“दिसतंय.” आंधळा माणूस दिसतंय म्हणाला आणि पुढे सरकला. “मनगट आता थरथरत नाही तुझं. पूर्वी शेवटच्या ठोक्याला घाई करायचीस. ती गेली.”

चार वर्षांत अण्णांनी तिला एवढं चांगलं कधी म्हटलं नव्हतं. शाल्मलीचा ऊर भरून आला. आळीतल्या हसणाऱ्या सगळ्यांना आत्ता इथे बोलवावं, रांगेत उभं करावं आणि हे वाक्य ऐकवावं, असं तिला वाटलं.

अण्णांची बोटं एका खळग्यात थांबली. मग दुसऱ्यात. मग पार वरच्या, मग खालच्या.

“करंगळी वाकडी आहे.”

“हो.”

“हिचीही.”

“हो.”

“एकतीस हात, शालू, आणि बाई एकच?”

“माझाच हात समोर ठेवून केले, अण्णा. प्रत्येक वेळी वेगळा धरून. लोकांना तेच फार आवडलं.”

अण्णा पुढे आले, पाटावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

“छिन्नी दे.”

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं छिन्नी दिली, हातोडी दिली, खालच्या कडेची कोरी पट्टी त्यांच्या बोटांना दाखवली. नावासाठीच ती चार बोटं रुंद पट्टी तिनं राखली होती. आणि मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, जिथून आपण सुरुवात केली.

“कुणास?”

“अण्णा, हे भांडं नाही. चित्रावर, मूर्तीवर करणाऱ्याचंच नाव असतं.”

“असेल. मला दोन नावं लागतात.”

“तुम्ही त्या दोघांच्या कामावर नावं घातलीत, तेव्हाही विचारलं होतंत?”

“विचारलं होतं. एकानं लगेच सांगितलं. दुसऱ्याला अकरा वर्षं लागली.”

शाल्मलीनं घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

“बरं. दिल्लीच्या प्रदर्शनास.”

“किती दिवस आहे ते?”

“सव्वा महिना.”

“आणि नंतर?”

शाल्मलीनं ते उत्तर सोडलं.

“मग बघणाऱ्यांना. जे जे येतील त्या सगळ्यांना.”

“एखाद्याचं नाव सांग.”

“नाव कसं सांगणार? हजारो येतील.”

“हजारोंना म्हणून अजून कोणी माझ्याकडून भांड्यावर नाव घालून नेलं नाही.”

वहिनींनी चहा आणला. अण्णांनी कप हातात घेतला आणि फुंकर घालत राहिले. शाल्मलीचा चहा तसाच राहिला. ती पुढे सरकली, त्यांच्या गुडघ्यापाशी बसली. आवाज मऊ झाला.

“अण्णा, तुम्हाला. हे मी तुम्हाला देते.”

तिला वाटलं, आता काम झालं. यावर कोण नाही म्हणेल?

अण्णांनी चहा संपवला.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले.

…

मग त्यांनी हात लांब केला. पत्र्यावरच्या हातांवरून बोटं फिरवत ते पितळेच्या डब्यापाशी आले. झाकण काढलं आणि हात आत घातला. डबा आतून कोणी घासला नव्हता. मशिननं बाहेरची अक्षरं गेली होती, पण मागून ठोकलं की पुढे येतं आणि पुढून ठोकलं की मागे, हे तांबटाच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. जुन्या हातानं घातलेली सगळी टिंबं आतल्या बाजूला दाण्यांसारखी वर उभी होती. उलटी होती, पण होती. शाल्मलीनं चार वर्षं याच घरात हे काम केलं होतं, आणि तरी ती फक्त बाहेरून घासून मोकळी झाली होती.

अण्णा उलटं वाचत गेले.

“सौ. तारा… यांजकडून… चि. नलू हिस.”

“ही नलू कोण?” वहिनींनी विचारलं.

“मला काय माहीत?” शाल्मली म्हणाली.

“ताराला माहीत होतं,” अण्णा म्हणाले आणि झाकण लावलं.

शाल्मली उठून उभी राहिली. आता मात्र तिला राग आला, आणि राग आला की ती लपवत नसे.

“अण्णा, त्या नलूच्या घरच्यांनीच हा डबा मोडीत दिला. चार दिवस उशीर झाला असता तर वितळला असता. मी उचलला. मी त्याला हात दिला. आज तो दिल्लीला चाललाय. मी काय वाईट केलं?”

“वाईट कुठं म्हटलं मी? काम चांगलं झालंय. माझ्याहून चांगलं झालंय.”

माझ्याहून चांगलं, असं हा माणूस कुणाबद्दल, कधी बोलला होता? वहिनींनी रिकामा कप उचलताना मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं.

“मग नाव घाला ना.”

“घालतो. कुणास?”

“कुणासच नाही.” शाल्मलीनं मान वर केली. हे उत्तर तिचं खरं होतं. मुलाखतींत ती हेच सांगायची आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं. “कुणाला द्यायला मी हे केलंच नाही, अण्णा. मला करता येतं म्हणून केलं. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून केलं. अभिमान आहे मला त्याचा. तुम्हाला नाही तुमच्या कामाचा?”

“आहे तर. पुष्कळ आहे. अभिमान नसेल तर ठोका सरळ पडत नाही.”

“मग झालं तर.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले.

…

त्यांनी पाट कामाच्या आणखी जवळ ओढला.

“ठोकळा घे. मागून लाव.”

पुढून नाव ठोकायचं तर पत्र्याला मागून लाकडाचा आधार लागतो, नाहीतर पत्रा लवतो. शिकताना चार वर्षं ती हेच करत आली होती. शाल्मली धावत मागे गेली, जमिनीवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी ठोकळा पत्र्यामागे दाबून धरला. जिंकले, असं तिच्या मनात आलं. आणि जिंकले हा शब्द आल्याची तिला जरासुद्धा लाज वाटली नाही.

“सरक,” अण्णा पलीकडून म्हणाले.

ती सरकली.

“अजून सरक.”

अण्णांचा अंगठा पत्र्यावरून मोजत चाललेला तिला ऐकू येत होता. मधोमध घालायचं असेल, तिला वाटलं. अण्णांना मोजमाप लागतं.

पहिला ठोका पडला. तो लाकडातून तिच्या तळव्यांत आला आणि थेट कोपरापर्यंत गेला. मग दुसरा. मग तिसरा. ऐंशी वर्षांचा, आंधळा हात, पण दोन ठोक्यांमधलं अंतर घड्याळासारखं. ती मोजायला लागली. पूर्वी रद्दी पत्र्यावर सराव करताना तिला माहीत झालं होतं, तिच्या पूर्ण नावाला एकशे चाळीस ठोके लागतात.

पन्नास. साठ. ऐंशी.

मध्येच ठोके थांबले. अंगठा पुन्हा सरकू लागला. या वेळी तो फार लांबवर गेला.

“सरक. अजून. अजून थोडी.”

नाव आणि आडनाव यांत एवढी जागा? असू दे. मोठ्या कामावर ऐसपैसच शोभतं.

पुन्हा ठोके. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस झाले आणि ठोके थांबले नाहीत. म्हणजे अण्णा नुसतं नाव घालत नाहीत, आणखी काहीतरी घालत आहेत. गाव? की आपलं नाव? की तिची शिष्या म्हणून नोंद? त्या दोघांना नुसती नावं मिळाली असणार. तिच्या वाट्याला जास्त येत होतं. ठोका न् ठोका तिच्या हातांतून अंगात जात होता, आणि आयुष्यात आपण इतकं ताठ कधी बसलो नव्हतो, असं तिला वाटलं.

एकशे शहाण्णवाव्या ठोक्याला हात थांबला.

“झालं.”

ठोकळा तिथेच टाकून ती पुढे आली. वहिनी आधीच वाकून वाचत होत्या. त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं आणि बाजूला होऊन तिला जागा करून दिली.

पट्टीवर सुरुवातीला काहीच नव्हतं. कोरं तांबं. मग सुबक, एकसारख्या टिंबांत एक शब्द होता: यांजकडून. त्यानंतर पुन्हा कोरं तांबं, लांबच लांब. आणि पार कडेला: यांस सप्रेम.

शाल्मलीनं ते दोनदा वाचलं. तिचे तळवे अजून झिणझिणत होते.

ती खाली बसली. पहिल्या कोऱ्या जागेवर तिनं अंगठा ठेवला आणि अण्णा मोजतात तसं मोजत गेली. शाल्मली गोवंडे. बरोबर बसत होतं. एक टिंब इकडे नाही, एक टिंब तिकडे नाही. म्हणजे अण्णांच्या बोटांना तिचं नाव पाठ होतं, आणि त्यांनी ते घातलं नव्हतं.

दुसरी जागा ती मोजू गेली. निम्म्यात तिचा अंगठा थांबला; तिथे मोजायला तिच्याकडे नावच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. चार वाजायला अजून वेळ होता, पण आला होता.

“अण्णा…”

अण्णा छिन्नीचं टोक धोतराच्या सोग्याला पुसत होते.

“असंच जाऊ दे दिल्लीला?”

“जाऊ दे की.”

“आणि नाव?”

अण्णांनी छिन्नी फडक्यात गुंडाळली. गाठ मारली. मग ते फडकं पेटीत न टाकता आपल्या मांडीवरच ठेवलं.

“दुसरी जागा तू भर,” ते म्हणाले. “पहिली मी भरतो.”